पेरीखानचे सरकलेले रांजण

कानीसारला सून होऊन आली तेव्हा पेरीखानला दोनच गोष्टी नीट येत होत्या, मेंढीची धार काढणं आणि उलट उत्तर देणं. पहिलीसाठी सासूनं तिला पसंत केलं होतं आणि दुसरीसाठी जन्मभर बोल लावला. रोटी मात्र अशी जाड व्हायची की सासरा म्हणे, "हिच्या रोटीवर खोगीर घाला रे, नदी ओलांडून जाऊ."

कानीसार म्हणजे जिलोच्या डोंगरातली आमची उन्हाळी चराई. खाली गेवरच्या पठारावरचं गवत पिवळं पडायला लागलं की मेंढ्या-बकऱ्या, खेचरं, कुत्री, म्हातारी माणसं, सगळं वर चढतं. बकरीच्या केसांचे काळे तंबू ठोकायचे, थंडी नाकाला झोंबेपर्यंत राहायचं, मग दुधातुपानं लादलेली खेचरं घेऊन खाली उतरायचं. तंबूची जागा घराघराची ठरलेली. तिला कागद नाही की कुंपण नाही. दर उन्हाळ्यात तिथं तुमची चूल पेटली की जागा तुमची. पण मोसम संपायच्या आत आपल्या हातानं खुंट्या उपटल्या, तर ती मोकळी झाली. पुढच्या वर्षी ज्याचा तंबू आधी पडेल त्याची.

पेरीखानच्या सासरची जागा सगळ्यांत चांगली. मोठ्या खडीच्या उताराखाली सपाट मैदान, वाऱ्याला आडोसा, पाणी हाकेच्या अंतरावर. वरती दोन कड्यांच्या बेचक्यात बर्फ. तेव्हा ते बर्फ चांगलं खाली, तांबड्या कड्याच्या नाकापर्यंत उतरलेलं असायचं, उन्हाळाभर हलायचं नाही. आणि त्या खडीच्या उताराची मौज अशी, की भर उन्हातसुद्धा दगडांच्या फटींतून गार वारा यायचा. नवी नवरी पेरीखान पहिल्या दिवशी तिथं तोंड लावून बसली आणि सर्दी धरून उठली.

त्या गारव्यात सासू सोसिन पनीर पुरायची. रानलसूण घातलेलं खारट पनीर रांजणात दाबून भरायचं, तोंडाला पानं आणि माती लिंपायची आणि रांजण उपडा पुरायचा, म्हणजे आतलं पाणी झिरपून जातं. सगळ्या बायका मऊ मातीत पुरत. सोसिन खडीत पुरायची. वरचे दगड बाजूला केले की खाली माती अशी थंड, की खणताना बोटं बधिर व्हायची. तिथलं पनीर घट्ट राही, हिवाळ्यात सुरीला दाद देत नसे. गेवरच्या बाजारात लोक वास घेऊन सांगत, हे सोसिनच्या घरचं.

सोसिनचा एक नियम होता. खूण जमिनीवर ठेवायची नाही, डोळ्यांत ठेवायची.

"जमिनीवर दगड ठेवलास," ती सुनेला म्हणाली, "की तो अस्वलालाही दिसतो आणि जावेलाही. अस्वल परवडलं, ते निदान खाऊन वर आणखी रांजण मागायला येत नाही."

मग खूण कशी? तांबड्या कड्याच्या नाकाला पाठ टेकून उभं राहायचं आणि दरीपलीकडच्या सुळक्यावर नजर लावायची. कडा आणि सुळका यांच्यामध्ये, उतारावरून आडवी, नजरेची जी सरळ दोरी ताणली जाते, तिच्याखाली रांजणांची ओळ. दुसऱ्याला कोण सांगणार? सुळके काय कमी आहेत आमच्याकडं?

मग ती लढाईची वर्षं आली, सैन्यानं डोंगर बंद केला. ते सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा कशाला सांगायचं. मेंढ्या विकल्या आणि माणसं गेवरच्या गल्ल्यांमधून खोल्या करून राहिली. पेरीखाननं तिथं मुलं वाढवली, सासूला माती दिली, नवरा ताहिर यालाही दिली. ताहिरला शेवटी शेवटी काही आठवत नसे. बायकोला तो कधी आई म्हणे, कधी ताई. पण कानीसार आठवे. "जागा सोडू नकोस गं," तो म्हणे. "बापाची चूल आहे. तुझ्या हातनं जाऊ देऊ नकोस." ती म्हणे, नाही जाऊ देणार. दिवसातून कितीदा म्हणे. शेवटच्या दिवशीही म्हणाली.

डोंगर पुन्हा उघडला तेव्हा ती आजी झालेली होती. मोठा मुलगा शेमो, सून झेरिन, नातवंडं, आणि कर्ज न काढता घेता आल्या तेवढ्या मेंढ्या घेऊन ती वर आली. बंदीची वर्षं कुणी कुणाविरुद्ध धरली नाहीत, ज्याची जागा त्याला मिळाली. तिनं जुन्या तीन दगडांची चूल शोधून काढली, तिच्यापुढं बसून थोडं रडली, आणि मग झेरिनला ओरडली की पाणी अजून का आलं नाही.

वर बघितलं तर बर्फ मागं गेलेलं. तांबड्या कड्याचं नाक उघडं पडलेलं, आणि त्याच्या मागची करडी भिंत, जी बर्फाला टेकून असायची ती, नुसती उभी. पेरीखानला ते दिसलं. पण स्वतःच्या तोंडातही दात कमी झालेले होते. म्हणाली, सगळ्यांचंच मागं सरतंय.

पुढं काही उन्हाळे बरे गेले. ओढ्यापलीकडं उंचवट्यावर नाझदारचे तंबू होते. नाझदार तिच्याच वयाची, तिच्याच जिभेची. दोघी दुधाची भागी करत. आज सगळं दूध हिच्या हंड्यात, उद्या तिच्या, काठीवर खाचा पाडून हिशेब, आणि त्या खाचांवरून रोज भांडण. भांडल्याशिवाय दोघींना दूध पचत नसे. एकदा नाझदारनं विचारलं, "तुमच्या गार खडीत माझेही दोन रांजण ठेवू का?" पेरीखान म्हणाली, "ती जागा आमच्या घराची आहे." नाझदार त्या दिवशी खाचांवरून न भांडताच उठून गेली. ते पेरीखानच्या लक्षात राहिलं.

आणि मग तो उन्हाळा. पाऊस नाही, ऊन असं की कुत्री ओढ्यात बसून राहायची. पुतण्या मिर्झा, वान शहरातल्या शाळेत मास्तर आहे तो, नवी बायको दाखवायला वर येणार होता. पेरीखान एक रांजण उकरायला गेली. कड्याला पाठ टेकली, सुळका बघितला, रेषेवर खणलं. काही नाही. बाजूला खणलं, तिथंही नाही. संध्याकाळपर्यंत तिनं ती ओळ उंदरानं पोखरावी तशी पोखरली. एकही रांजण नाही.

तंबूत येऊन ती बसली आणि म्हणाली, "नाझदार."

"दाये," झेरिन म्हणाली. दाये म्हणजे आई, सासूलाही आम्ही तेच म्हणतो. "एवढे रांजण ती बाई उचलणार कशी? तिला स्वतःची कंबर उचलवत नाही."

"मुलगे आहेत तिला."

"त्यांना तर सकाळी स्वतःलाही उचलवत नाही."

पण डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी बायका मेंढवाड्याच्या तोंडाशी बसल्या, मेंढ्या एकेक पुढं येऊ लागल्या, आणि पेरीखाननं सुरुवात केली.

"नाझदार, तुमच्याकडं यंदा पनीर फार झालं म्हणे."

"झालं बाई. तुमच्याकडं?"

"आमच्याकडंही झालं होतं. पाय फुटले त्याला."

"आमचं बसल्या जागी बसतं. संस्काराचा फरक."

"पाय फुटलेलं पनीर कुठं जातं ठाऊक आहे? ज्यांना आमच्या खडीत जागा मिळाली नाही, त्यांच्या तंबूत."

धारांचा आवाज थांबला. नाझदारनं हातातली मेंढी सोडली.

"मी चोर?"

"मी नाव घेतलं का? चोराच्या मनात चांदणं."

नाझदार उठली. नेहमीसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या सासूनं मला बाळंतपणात स्वतःच्या हातांनी भरवलंय, पेरीखान. आजपासून तुझं दूध तुला, माझं मला. आणि माझ्या घरचं विरजण तुझ्या दारात येणार नाही."

हे शेवटचं फार झालं. आमच्यात शेजारणीचं विरजण कधी अडवत नाहीत. दही बिघडलं की वाटी घेऊन कुणाच्याही तंबूत जायचं. विरजण थांबलं म्हणजे नातं थांबलं. रक्त सांडल्याशिवाय असं कुणी बोलत नाही.

मिर्झा आला, बायको दाखवली. मुलगी चांगली होती, पनीर नव्हतं. पाहुण्यांना ताक-रोटीवर भागवलं आणि पेरीखानचा चेहरा ताकाहून आंबट.

दुसऱ्या सकाळी एक बकरी खडीच्या पायथ्याशी अडकली म्हणून झेरिन वर गेली. बकरी सोडवताना तिचा पाय घसरला आणि टाचेखाली काहीतरी फुटलं. रांजण. तिथून नजरेची रेषा पार वर होती, तंबूवर तंबू रचले तरी हात पोचणार नाही इतकी वर. तिनं हाक मारली. सगळे गेले. मिर्झाही खणू लागला, नव्या बायकोसमोर जरा जोरातच. शेजारी दुसरा रांजण निघाला. मग कान तुटलेला. मग सोसिनच्या माहेरचा बुटका. पेरीखाननं पुरले होते त्याच क्रमानं, एकापुढं एक. फक्त ओळ सरळ नव्हती. मधले जास्त खाली, कडेचे कमी. गळ्यात माळ लोंबावी तशी.

झेरिन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाये, चोर मोठा टापटिपीचा दिसतो. रांजण चोरले, खाली आणले, आणि तुमच्याच क्रमानं परत पुरून ठेवले."

पेरीखाननं त्या खड्ड्यात हात घातला. बोटं बधिर झाली नाहीत. मनगटाला कोमट चिखल लागला. रांजणातलं पनीर मऊ पडून आंबलेलं.

"आमोजिन," मिर्झा म्हणाला. आमोजिन म्हणजे काकू. "ही खडी आतून बर्फानं धरलेली असते. दगड, माती आणि मधे बर्फ. ते कधी वितळत नाही म्हणून उतार उभा राहतो. आता ते वितळतंय. आणि वरचं मोठं बर्फ मागं गेलं, तेव्हा करड्या भिंतीचा टेकूही गेला."

पेरीखान मनगटावरचा चिखल बघत होती. हिवाळ्यासाठी आम्ही मटण शिजवून चरबीत मुरवतो. थंडीत तो हंडा उलटा केला तरी तुकडा पडत नाही. पण चुलीजवळ ठेवा. आधी कडा सुटतात, मग तुकडे सरकतात, आणि मग एकदम सगळं.

"हंडा चुलीजवळ आलाय," ती म्हणाली.

"तेच," मिर्झा म्हणाला.

तिनं खाली बघितलं. खडीच्या बरोबर खाली त्यांचे तंबू. धाकटी नात चुलीपाशी कुत्र्याला रोटी भरवत होती.

"शेमो, तंबू काढ."

शेमो तसा गरीब पोरगा. पण या वेळी त्याचा आवाज चढला. "दाये, मोसम संपायला अजून किती दिवस आहेत! आज खुंटी उपटली की जागा गेली. बाबाला काय कबूल केलं होतंस? रोज कबूल करत होतीस, मी दाराशी उभा राहून ऐकलंय."

"केलं होतं."

"आणि जाणार कुठं? सपाट जमीन उरलीय ती नाझदारच्या शेजारी. तिला चोर म्हणालीस तू. चार घरांसमोर."

"म्हणाले होते."

"आजोबांपासून ही खडी इथं आहे. कधी पडली नाही."

मिर्झानं तोंड उघडलं. पेरीखाननं हातानं त्याला गप्प केलं. ती चुलीपाशी जाऊन बसली. ताहिरच्या बापाची चूल, तीन दगड, काळेभोर झालेले. झेरिननं चहा आणून ठेवला, तो निवला. ताहिरला जागा हवी होती हे खरं. पण त्याला ती रिकामी हवी होती का? त्याचं म्हणणं, चूल पेटलेली असावी. पेटवणारी माणसं असतील तर चूल.

ती उठली आणि कोपऱ्यातली खुंटी स्वतःच्या हातानं उपटली. सगळ्यांसमोर, म्हणजे पुढं शेमोला कुणी दोष देऊ नये.

"दोष येईल तो माझ्यावर येऊ दे," ती म्हणाली. "तुझा बाप भेटेल तेव्हा मी बघून घेईन. तिकडंही मीच जास्त बोलणार आहे."

मग तिनं एक रिकामी वाटी घेतली आणि ओढा ओलांडला.

नाझदार तंबूच्या दारात लोकर पिंजत होती. तिनं वर बघितलं नाही.

"विरजण संपलंय," पेरीखान म्हणाली.

नाझदारनं ओढ्यापलीकडं बघितलं. पेरीखानच्या तंबूच्या काठीला दह्याचं फडकं टांगलेलं होतं, ठिबकत होतं.

"संपलंय? मग ते फडक्यात काय लटकतंय, तुझा शेमो?"

"ते माझं आहे. मला तुझं पाहिजे."

"चोराच्या घरचं विरजण आंबट निघेल."

"माझ्या जिभेपेक्षा आंबट नसेल."

नाझदार पिंजत राहिली. पेरीखान वाटी धरून उभी राहिली. गुडघे दुखत होते, पण बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही एवढं तिला कळत होतं. तिनं रांजणांची गोष्ट सांगितली, उभ्यानंच. ओळ, क्रम, कोमट चिखल. काही लपवलं नाही. "मी तुला चोर म्हणाले. चोर डोंगर होता. आणि तो अजून चोरणार आहे."

नाझदारनं पिंजणं थांबवलं. "म्हणून ओढा गढूळ आहे होय? मला वाटलं तुझी सून फडकी धुतेय."

"माझी सून फडकी धूत असती तर मी सुखी असते."

नाझदार आत गेली. बाहेर आली तेव्हा वाटी भरलेली होती. "घे. आणि तुझी ती लुकडी खेचरं माझ्या लोकरीपासून लांब बांध," ती म्हणाली. मग पोरांना हाक मारली, की पलीकडं जाऊन खुंट्या उपटायला लागा, म्हातारी एकटी किती उपटेल?

दिवस मावळायच्या आत सगळं ओढ्यापलीकडं आलं. मिर्झा बायकोला घेऊन खाली गेला.

आणि काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. एक आठवडा गेला. वरच्या चराईतले पुरुष येता-जाता विचारू लागले, "पेरीखान, आज डोंगर कुठवर पोचला? चहाला थांबतोय का?" कुणी म्हणे, पनीर पळालं म्हणून बाई त्याच्या मागून पळाली. शेमो त्यांच्यात बसून मान खाली घालून काठीनं माती उकरत राही, आणि ते तिला जास्त लागे. वरून एका घराचा निरोपही आला की पुढच्या वर्षी आम्ही त्या मोकळ्या जागेवर तंबू टाकू म्हणतो. रिवाजाप्रमाणं त्यांचं बरोबर होतं. एका सकाळी शेमो म्हणाला, "दाये, परत जाऊ या. आज गेलो तर लोक विसरतील." आणि खरं सांगायचं तर पेरीखानचंही मन डळमळलं. तिनं उतार बघितला. ऊन पडलेलं, शांत, वर दोन बकऱ्या चरत होत्या. इतकी साधी दिसत होती ती खडी.

"उद्या बघू," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे आलं याचं झेरिनला नवल वाटलं.

त्या दुपारी धारा चालू होत्या. आधी एक दगड आला. मग थोडे. नाझदारनं मान वर केली. मग करड्या भिंतीचा एक तुकडा बसल्यासारखा खाली बसला, आणि त्याच्या भारानं खालची सगळी खडी सुटली. आवाज असा, की कुणीतरी गाड्यांच्या गाड्या खडी ओततंय आणि थांबायचं विसरलंय. मेंढ्या हंडे तुडवून पळाल्या. धूळ आली, कुणाला कुणी दिसेना. जो तो आपापल्या पोरांची नावं हाकारत होता.

धूळ बसली तेव्हा सपाट मैदान नव्हतं. ओल्या दगडमातीची एक जीभ ओढ्यापर्यंत आलेली, तिच्यातून पाणी वाहत होतं आणि मधेमधे बर्फाचे काळपट तुकडे चमकत होते. चूल खाली कुठंतरी. माणूस कुणी गेलं नाही. त्या दोन बकऱ्या मात्र परत आल्या नाहीत.

शेमो बराच वेळ ओढ्याच्या काठावर उभा होता. मग तो आला, चहा ओतला, आणि पेला आईच्या हातात दिला. साखरेचा खडाही स्वतः फोडून दिला. एवढंच. त्या घरात माफी अशीच मागतात, आईवर गेलेत.

जागा मागणाऱ्या त्या घराचा पुन्हा निरोप आला नाही.

पुढच्या वर्षीपासून पेरीखानचा तंबू नाझदारच्या शेजारीच पडतो. पनीर उंचवट्याच्या मऊ मातीत, दोघींचे रांजण शेजारी शेजारी. जमीन तितकी गार नाही, मीठ जास्त घालावं लागतं. गेवरच्या बाजारात लोक वास घेतात आणि काही म्हणत नाहीत. पेरीखानला त्याचं वाईट वाटतं. पण ती खाते आणि म्हणते, "नाझदारच्या मातीत काय होणार? तिच्यासारखंच खारट." नाझदार म्हणते, "खाताना तर हात थांबत नाही."

पहिले रांजण पुरले तेव्हा झेरिननं विचारलं, "दाये, इथून कुठला सुळका बघायचा?"

"सुळका नको. वर दगड ठेव," पेरीखान म्हणाली. "पांढरा. सगळ्यांना दिसेल असा."

"अस्वलाला दिसेल."

"दिसू दे. आणि दोन तिकडं, त्या पक्क्या खडकावर ठेव, एकामागं एक, बरोबर याच्या रेषेत."

आता तिच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, खेचरावर बसून वर येते. पण सकाळी धारेच्या आधी ती काठी टेकत जाते, खडकावरच्या दगडांमागं उभी राहते आणि एक डोळा मिटून बघते, की तिन्ही दगड अजून एका रेषेत आहेत ना. मग येऊन चूल पेटवते.